काचेतली मावशी

मावशी रोज सकाळी साडेआठ ते दहा अख्खा देश पालथा घालायची. हातात फडकं, बादलीत फिनेल, पायात रबरी चपला. संग्रहालयात पाच प्रदेशांची पाच दालनं होती. किनारा, डोंगर, मैदान, जंगल आणि सगळ्यात शेवटी, संडासाच्या शेजारी, पठार. प्रत्येक दालनात एक भलंमोठं काचेचं कपाट, आत प्लॅस्टरची माणसं, मागे रंगवलेला देखावा आणि भिंतीवर पाटी: हवा कशी, पिकतं काय, धंदा कोणता, माणसं कशी. पाहुणे हे सगळं वीस मिनिटांत बघून बाहेर पडायचे. मावशीला मात्र आतली खबर. किनाऱ्यावरची जाळी दर महिन्याला झटकावी लागायची, डोंगरवाल्यांच्या लोकरीला कसर लागायची म्हणून खिशाखिशात डांबराच्या गोळ्या, मैदानातल्या गव्हाच्या ओंब्या उंदरांनी संपवलेल्या, आणि जंगलात छत गळायचं, त्यामुळे तेवढं एकच दालन खरं वाटायचं. चौदा वर्षं ती हेच करत होती. रोजंदारीवर. चौदा वर्षं!

मावशी मूळची पठारावरची. त्या दालनातली पाटी तिला पाठ होती. "येथील लोक काटक, अल्पसंतुष्ट व हसतमुख असतात." पाटीखाली एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन उभी, आणि दात कसे, तर मोत्यासारखे. मावशी काच पुसता पुसता तिला म्हणायची, "हस बाई हस, तुझं काय जातंय."

कारण पठारावर असे दात कोणाचेच नसतात. तिथलं पाणीच तसलं. पोरांना दुधाचे पडून नवे दात येतात ते पिवळे, आणि विशी गाठेपर्यंत पार तपकिरी. मावशीला शहरात येऊन तीस वर्षं झाली तरी बोलताना तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. हसताना तर दोन्ही हात.

घरी मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. दीड खोली. मुलगा टेम्पो चालवायचा आणि बायकोपुढे तोंड उघडायचा नाही. सून वाईट होती असं नाही, पण जीभ कात्रीसारखी. "आई, पोरगी मोठी होतेय," ती एक दिवस कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "तिला अभ्यासाला कोपरा लागणार. तुम्ही तुमचं काय ते बघा. तुमचा भाऊ आहे ना तिकडं?"

भाऊ होता. पठारावर. बहिणीला गेल्या सहा वर्षांत त्याचा एक फोन नव्हता.

संग्रहालयाच्या मागे नोकरांच्या खोल्या होत्या. त्यातली एक रिकामी होती, पण ती फक्त कायम नोकरांना. म्हणजे कसं, मावशी कायम झाली तर खोली, नाही झाली तर पठार. एवढा सरळ हिशोब. सगळं तिथंच अडलं होतं.

आणि मग पठाराच्या दालनातला गिलावा पडला. धाडकन. हंडेवालीचं डोकं फुटलं, एक हंडा संडासापर्यंत घरंगळत गेला. दोन महिन्यांवर दालनांचं नव्याने उद्घाटन, मोठमोठे पाहुणे येणार, आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. माणूस हुशार, पण पठार त्यांनी फक्त नकाशात बघितलेलं.

"साहेब, आपली मावशी तिकडचीच की," तिकीटवाला म्हणाला. हा माणूस दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करायचा, त्याला दुसरा धंदाच नव्हता.

साहेबांनी तिला पहिल्यांदा खुर्ची दिली. "मावशी, तुम्ही सांगाल तसं दालन करू. एवढं काम तडीला न्या, मी वर शब्द टाकतो. सहायकाची जागा रिकामी आहे. मागची खोलीही मिळेल."

मावशीने खुर्चीच्या अगदी कडेवर बसून विचारलं, "खरं ना साहेब?"

"अहो, मी काय खोटं बोलतोय?"

मग मावशी जी सुटली! "पहिलं म्हणजे साहेब, दोन हंडे नाहीत. दोन हंडे भरायचे तर तिकडं सूर्य उगवून मावळतो. नदी आटली की तिच्या पोटात खड्डा खणायचा, कमरेएवढा. त्यात उतरून बसायचं, गुडघे छातीशी. तळाला पाणी पाझरतं, ते वाटीवाटीने हंड्यात भरायचं. खड्ड्याची कड कधी ढासळेल सांगता येत नाही, म्हणून एक डोळा वर. वर दुसऱ्या बायका उभ्या असतात, नंबर लावून."

"आणि त्या गाणी म्हणतात?" साहेबांनी वही काढली होती.

"शिव्या देतात. मेली आटप म्हणतात."

साहेब खूश! "अस्सल! एकदम अस्सल! शिव्या तेवढ्या पाटीवर नको घ्यायला."

पुतळ्याला चेहरा हवा होता. मूर्तिकार म्हणाला, दुसरीकडे कशाला शोधायचं, हिचाच साचा घेतो. तर मावशीला टेबलावर आडवं केलं, नाकात दोन नळ्या खुपसल्या आणि तोंडावर ओलं प्लॅस्टर थापलं. वीस मिनिटं हलायचं नाही. प्लॅस्टर सुकताना तापतं, ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली. सगळा स्टाफ बघायला गोळा.

"मावशे, आज पहिल्यांदा तोंड बंद बघतोय तुझं," तिकीटवाला म्हणाला.

"हळू बोला हो, तिला हसू आलं तर तडा जाईल," टाइपिस्ट बाई म्हणाल्या, आणि हसून हसून त्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं.

प्लॅस्टरखाली मावशी डोळे मिटून मागच्या खोलीचा विचार करत होती. खिडकी पूर्वेला आहे. गॅसची शेगडी उजव्या हाताला ठेवू. नातीला सुट्टीत आणू.

साचा निघाला, गाल भाजल्यासारखे लाल. मूर्तिकार मात्र माणूस बरा होता. तो म्हणाला, "बाई, नाक मी जरा सरळ करतो. ही चामखीळ उडवतो. दात पांढरे. कोणाला कळायचं पण नाही की तुम्ही आहात."

आणि इथं मावशीने काय करावं? गप्प बसून हो म्हणावं की नाही? पण चौदा वर्षं ती त्या मोत्याच्या दातांची काच पुसत होती ना! तिने तोंडावरचा हात काढला. सगळ्यांसमोर.

"काही सरळ करू नका," ती म्हणाली. "पठारावरची बाई करताय ना? मग पठारावरची करा. नाक हेच, चामखीळ हीच. आणि दात पण हेच."

एवढीच तिची चूक. आयुष्यात एकदा ताठ उभी राहिली, तेही नको तिथं.

पुतळा झाला तो इतका हुबेहूब की चौकीदार पहिल्या दिवशी त्याला "चहा घेतला का" विचारून गेला. खड्ड्यात बसलेली, गुडघे छातीशी, हातात वाटी, तोंड अर्धवट उघडं, दात तपकिरी, एक डोळा वर. उद्घाटनाला साहेबांनी भाषण ठोकलं. पठारावर आपण स्वतः कसे महिनोन्‌महिने हिंडलो, ही एक दुर्मिळ म्हातारी आपल्याला कशी सापडली. मावशी तेव्हा मागच्या जिन्यात बादलीशेजारी उभी होती. नोकरांनी पाहुण्यांसमोर यायचं नव्हतं. तिला राग नाही आला. टाळ्या ऐकून तिला वाटलं, आता नक्की.

पुढच्याच आठवड्यात शाळेची सहल आली. मावशी दालनात फरशी पुसत होती. एका मुलीने काचेत बघितलं, मागे वळून बघितलं, आणि किंकाळी फोडली, "बाई! पुतळा फरशी पुसतोय!"

चाळीस पोरं तिच्याभोवती! "आजी, दात दाखवा ना! आजी, तसं बसून दाखवा ना!" मावशी भोळी, तिला वाटलं पोरांना कौतुक आहे. ती बसली खाली, गुडघे छातीशी घेतले आणि पाणी कसं पाझरतं ते सांगायला लागली. कोणी ऐकत नव्हतं. एक पोरगा तिच्या गालाला बोट लावून बघत होता, मऊ आहे का कडक.

"चला रे, हात नका लावू, धुवावे लागतील," त्यांच्या बाई म्हणाल्या.

गावभर झालं. लोक पठार बघायला येईनात, मावशी बघायला यायला लागले. तिकीटवाल्याला तर ऊत आला. खिडकीतून ओरडायचा, "या या, एका तिकिटात दोन म्हाताऱ्या! एक बसलेली, एक वाकलेली!" मावशीने तोंडाला फडकं बांधून बघितलं, तर लोक फडकं ओढायचे. घरी सून म्हणाली, "आई काचेत बसल्या, तर म्हटलं इथली जागा रिकामी होईल. पण नाही, या आपल्या दोन्हीकडे." मुलगा जेवत होता. जेवतच राहिला.

मग एका बड्या पाहुण्यांची बायको संडासाकडे निघाली आणि वळणावर समोरून "पुतळा" बादली घेऊन आला. बाई तिथंच चक्कर येऊन पडल्या. डोक्याला टेंगूळ.

साहेबांनी बोलावलं. या वेळी खुर्ची नव्हती.

"मावशी, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण काचेतली बाई लोकांना तिकडची वाटली पाहिजे, लांबची. तुम्ही समोर फिरलात की ती इथलीच वाटते. सगळी गंमत जाते."

मावशीने खूप विचार केला. खरंच केला. म्हणाली, "मग साहेब, तिचं नाक सरळ करून टाका. चामखीळ काढा. दात पांढरे करा. माझी काही हरकत नाही आता."

"वेडी झालीस का? बक्षीस मिळालंय त्या पुतळ्याला!"

"मग मला मागच्या खोलीत राहू द्या. मी पहाटे येऊन पुसून जाईन. कोणाला दिसणार नाही."

"खोली कायम नोकरांना, आणि सहायकाची जागा भरली," साहेब कागदात बघत म्हणाले. "दहावी पास लागतं. उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मुलगा तिला टेम्पोतून बस स्टँडवर सोडायला निघाला. तिची पिशवी सुनेने आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, नीट घड्या घालून. वाटेत संग्रहालय लागलं तेव्हा मावशी म्हणाली, "तू एकदा तरी बघायला हवं होतंस रे. सगळे म्हणतात हुबेहूब आहे."

"तू दिसतेसच की रोज," मुलगा म्हणाला.

त्याने पिशवी बसमध्ये ठेवली. "येशील ना मला बघायला?" तिने खिडकीतून विचारलं. "बघू, सुट्टी मिळाली तर," म्हणाला, आणि गाडी चुकीच्या जागी लावली आहे म्हणून बस सुटायच्या आधीच गेला.

कंडक्टर आला. मावशीने गावाचं नाव सांगितलं, तोंडावर हात ठेवून.

"काय? हात काढा, ऐकू येत नाही."

तिने हात काढून परत सांगितलं. कंडक्टरने तिच्या दातांकडे बघितलं, मग थांब्यांच्या यादीकडे.

"तिथला थांबा बंद केला की. फाट्यावर उतरा आणि पुढं चालत जा."

"किती लांब पडतं हो?"

"मला काय माहीत मावशी," तो तिकीट फाडत म्हणाला, "तिथं कोणी उतरतच नाही."