पडद्याच्या शिवणीतला खर्ज

गल्लीत त्याला सगळे घुम्या म्हणत. नवीन माणसाला वाटे, धंद्यावरून नाव पडलं असेल. तसं नव्हतं. तो सात-आठ वर्षांचा होता तेव्हापासूनच एका प्रश्नाला एक शब्द, आणि तोही उद्या, असा त्याचा कारभार होता. पुढे त्याने घुमणारे आवाज बनवायचा उद्योग पत्करला, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "चला, नावाला जागलास."

घर या दोघांचंच. पुढच्या खोलीत अक्काचं पायमशीन, मागच्या खोलीत त्याची यंत्रं, मध्ये एकच भिंत. अक्का इस्पितळाचे पडदे आणि चादरी शिवायची. सरळ शिवण घालावी तर अक्कानेच, असं तिथली मेट्रन म्हणायची. पट्टी न लावता, खूण न करता चार-चार मीटर शिवत जाई आणि एक टाका इकडचा तिकडे होत नसे. तिचा पाय म्हणजे घड्याळाचा लंबक. याचा तिला अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत ती पडत नसे.

भावाच्या कामाबद्दल मात्र तिला शंकाच होती. तो आधी रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचा. एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा बंद पडलेला सिंथेसायझर दुरुस्तीला आला आणि न्यायला कुणी फिरकलंच नाही. दोन वर्षं खपून त्याने तो जिवंत केला. मग स्वतः दुसरा जुळवला, मग दोघांना जोडायला तिसरं कपाट केलं. जुन्या पद्धतीची यंत्रं ती, त्यांना स्मरणशक्ती म्हणून नाही. समोर शंभरेक नॉब आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरींचं जंजाळ. कुठला नॉब किती फिरवलाय आणि कुठली वायर कुठे खोचलीय, यातूनच आवाज तयार होतो. नॉब हलला की आवाज गेला, मग बोलावून येत नाही.

गाणी करणारे, जाहिराती करणारे त्याच्याकडे यायचे ते फक्त खर्जासाठी. गाण्याच्या अगदी बुडाशी जो आवाज असतो, त्यासाठी. अक्का म्हणायची, "लोक गाणं गुणगुणतात. खालचं ते तुझं बूम बूम कोण गुणगुणतं? तुझं काम म्हणजे विजारीची नाडी. असली तरी कुणाला दिसत नाही."

"आणि नसली तर?" घुम्या विचारायचा. यावर अक्का हसून पुन्हा पायडल मारू लागे.

मग नाटकाच्या दिग्दर्शिका बाई आल्या. नाटक डोंगराच्या पायथ्याच्या खाणकामगारांचं होतं आणि तिसऱ्या अंकात डोंगर खाली यायचा होता. "कोसळण्याचा आवाज माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "मला त्याच्या आधीचा हवाय. डोंगर सुटणार हे जमिनीला आधी कळतं, माणसाला नंतर. त्या मधल्या वेळेतला आवाज. लोकांच्या कानाला कळला तर तो माझा नाही."

घुम्याने मान हलवली आणि तीन आठवडे स्वतःला मागच्या खोलीत गाडून घेतलं. खोलीत कपाटाएवढा स्पीकर होता, नाकापेक्षा मोती जड. पहिल्या आठवड्यात पुढच्या खोलीतला आरसा थरथरला. दुसऱ्या आठवड्यात फडताळातली ताटं एकमेकांशी भांडू लागली. एकदा सुयांची डबी टेबलावर चालत चालत कडेपर्यंत आली आणि अक्काने ती वरच्यावर झेलली. तिने भिंतीवर मूठ आपटून ओरडून सांगितलं, की डोंगर नाटकात पडायचाय, घरात नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी मात्र घरातली एकही वस्तू वाजली नाही. अक्का हिरवा पडदा शिवत होती. कानावर काही येत नव्हतं, आणि तरी तिच्या अंगावर काटा आला. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटून तिने दोनदा वळून पाहिलं. पडद्याची शिवण बिघडली, म्हणून वैतागून तिने तो उसवायच्या टोपलीत टाकला. एवढ्यात घुम्या बाहेर आला. चेहरा उतरलेला, डोळे लाल.

"अक्का," तो म्हणाला, "जमलं."

तीस वर्षांत हा शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. बरं काम झालं तर तो 'चालेल' म्हणे, फार बरं झालं तर काहीच म्हणत नसे. "मग कागद काढलास?" तिने विचारलं. कागद म्हणजे प्रत्येक नॉबचं एक वर्तुळ, त्यात काटा कुठे आहे त्याची रेघ, आणि वायरींच्या जोड्या. तेवढाच काय तो पुरावा.

"सकाळी," तो म्हणाला. ही त्याची रीत होती. संध्याकाळी कुठलाही आवाज चांगलाच वाटतो. रात्रभर झोपून सकाळी पुन्हा ऐकायचा, तेव्हाही आवडला तर कागद काढायचा. आजवर या रीतीने त्याचं कधी वाकडं केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाई आणि त्यांचा रेकॉर्डिस्ट आवाज टिपून न्यायला येणार होते. सामान जड म्हणून घुम्या त्यांना आणायला स्टॅंडवर गेला. परत आल्यावर सगळे मिळून आवाज ऐकू, असं त्याने ठरवलं होतं. घरी माणसं येणार म्हणून अक्काने मागच्या खोलीत डोकावलं आणि कपाळाला हात लावला. धूळ, चहाचे डाग, आणि त्या वायरींचा गुंता. गुंतलेला दोरा बघून ज्या बाईचा जीव कासावीस होतो, तिच्याकडून आणखी कसली अपेक्षा करायची? ओलं फडकं फिरवायचं म्हणून तिने आधी शहाण्यासारखं मुख्य बटण बंद केलं. मग वायरी सोडवल्या, गुंडाळल्या, लाल लालमध्ये, पिवळ्या पिवळ्यात. एकेक नॉब पुसला. आणि सगळे वेडेवाकडे काटे नीट दिसावेत म्हणून, एकूण एक, सरळ वर करून ठेवले. कवायतीला उभे राहिल्यासारखे.

दार उघडून तिघं आत आले. "किती नेटकं ठेवता हो तुम्ही," बाई म्हणाल्या.

घुम्या स्टुलावर बसला, त्या उभ्या काट्यांकडे बघत राहिला. अक्काने त्याचा चेहरा पाहिला. काय केलं ते तिला नीटसं कळलं नव्हतं, पण फार मोठं काहीतरी केलं एवढं कळलं.

"कागद..." ती म्हणाली.

"आत्ता काढणार होतो."

अक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि रडू लागली. शाळेत असल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती. घुम्या तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, यंत्र चालू केलं, आणि म्हणाला, "तापायला तास लागेल. चहा टाक."

चहा पिताना बाईंनी विचारलं, "दुसरा होईल का?"

"दुसरा होईल," तो म्हणाला. "तो होईल का, माहीत नाही. मला अर्ध्याच गोष्टी आठवतात. एक खूण हवी."

"काल भांडी वाजली नाहीत," अक्का नाक पुसत म्हणाली. "आधी सगळं वाजायचं. काल काहीच नाही. फक्त माझी शिवण बिघडली."

घुम्याने कप खाली ठेवला. "कशी बिघडली?"

तिने टोपलीतून हिरवा पडदा काढला आणि जमिनीवर लांबच लांब पसरला. पांढरी शिवण सरळ जात होती, मग एका ठिकाणी केसभर वाकून पुन्हा सरळ होत होती. मग पुन्हा वाकली होती. मग पुन्हा. चौघंही गुडघ्यांवर बसून बघू लागले. घुम्याने बोटं टेकवून मापायला सुरुवात केली. पहिल्या दोन वाकणांत दोन विती अंतर. पुढच्यांत त्याहून तीन बोटं कमी. त्यापुढे आणखी कमी. शेवटी शेवटी जेमतेम एक वीत.

"तुझा पाय कधी चुकतो का?" त्याने विचारलं.

"माझा?" अक्का रडता रडता रागावली.

"मग हा आवाजच आहे." तो शिवणीवर वाकला. "सूर काढणारे दोन ऑसिलेटर जवळजवळ एका सुरात लावले की एकमेकांना घासतात. मग आवाज फुगतो, ओसरतो, फुगतो, ओसरतो. मला वाटलं, एकसारखा फुगतोय. ते फुगणं तर जवळ जवळ येत होतं, आणि दर फुगण्याला तुझा हात केसभर हलत होता." त्याने शिवणीवरून पुन्हा हात फिरवला. "हे मी केलं नव्हतं. यंत्र दोन दिवस तापलेलं होतं, सूर आपल्या मनाने सरकत होता. आणि तू ते शिवून ठेवलंस."

रेकॉर्डिस्ट, ज्याने आयुष्यभर आवाजच टिपले होते, त्याने त्या पांढऱ्या दोऱ्यावर नुसतं एक बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

मग काम सुरू झालं. अक्काने त्याला काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. त्याने आधी एक सूर लावला, करवतीसारखा कर्कश, की तिने कान झाकले. मग फिल्टरचा नॉब हळूहळू मिटवला आणि वरचा सगळा किलबिलाट गळून गेला, खाली नुसता मऊ, जाड आवाज राहिला. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा, इतका खालचा, की कान हात टेकतो आणि पुढे छातीच ऐकू लागते. एवढ्याशा बोटांत त्याने हे कधी, कुठून आणलं? ज्याला ती तीस वर्षं बूम बूम म्हणत आली, त्याच्या आत इतक्या खोल्या होत्या आणि हा त्यांतून डोळे मिटून वावरत होता. तिला आपल्या भावाची थोडी भीतीच वाटली.

"तू इथे नको," तो म्हणाला. "तिकडे जाऊन शिव. मनाने वाकडं शिवू नकोस. तुला जमणारही नाही म्हणा."

अक्का पुढच्या खोलीत जाऊन जुन्या चादरीवर सरळ शिवण घालू लागली. घुम्या आत एक नॉब फिरवी, दिग्दर्शिका बाई चादर उचलून आत धावत, दाखवत आणि परत आणून देत. दुपार झाली, जेवणं उरकली. सरळ, सरळ, सरळच. चार वाजता आरसा वाजला, म्हणून तो आवाज बाद झाला. पाचला ताटं वाजली. साडेपाचच्या सुमाराला काहीच वाजलं नाही, आणि अक्काच्या मानेवरचे केस उभे राहिले. ती शिवत राहिली. खाली बघितलं तेव्हा शिवण वाकत होती, मग थोड्या कमी अंतरावर पुन्हा, मग आणखी कमी. दारात उभ्या बाईंनी चौकट घट्ट धरली होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

रेकॉर्डिस्टने टिपून घेतलं. घुम्याने त्याच क्षणी, सकाळची वाट न बघता, कागद काढला. पाहुणे गेले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि अक्काने धीर करून विचारलं, "तोच ना रे?"

त्याने खोटं बोलायला हरकत नव्हती. पण तो घुम्या होता. शब्द कमी वापरणारा माणूस ते वाया घालवत नाही.

"नाही," तो म्हणाला. "सरकणं मी हाताने फिरवून आणलं. काल ते आपोआप येत होतं. हा चांगला आहे. तो गेला."

"माझ्यामुळे."

"हो," तो म्हणाला, आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला अक्का मधल्या रांगेत बसली होती, घुम्या अगदी शेवटी, आवाजाच्या मिक्सरजवळ. शेजारच्या गृहस्थांनी पडदा उघडल्यापासून तिला जेरीस आणलं होतं. घसा खाकरणं, कागदात गुंडाळलेल्या गोळ्या सोलणं, पाय हलवणं. नाटकाशी त्यांचं काही देणंघेणं दिसत नव्हतं. तिसऱ्या अंकात खाणकामगाराची बायको कंदील पुसत बसली, नुसती पुसत, रंगमंचावर बाकी काही घडत नव्हतं. आणि ते गृहस्थ थांबले.

सगळेच थांबले. सहाशे माणसांचं खोकणं, खुर्च्यांची करकर, कुजबुज, एकाच श्वासात बंद झाली. कुणी काही ऐकलं नव्हतं. समोरच्या रांगेतल्या बाईने न बघता नवऱ्याचा दंड पकडला. कुणाच्या तरी मांडीवरची झोपलेली मुलगी जागी झाली आणि रडली नाही, नुसती वर छताकडे बघू लागली.

"काय झालं हो?" अक्काने शेजाऱ्यांना हळूच विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. अर्धी सोललेली गोळी त्यांच्या हातात तशीच होती. "उगाच जीव घाबरा झाला. घरी सगळे बरे असतील ना, असं वाटलं."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तिच्या भावाने केलं होतं, मागच्या खोलीत, स्टुलावर बसून, आणि यातल्या एकालाही ते कळणार नव्हतं. एवढं मोठं काम इतकं गुपचूप करणारा माणूस आपल्या घरात जेवतो, आपल्याशी दुधावरून भांडतो, याचं तिला नवल वाटत राहिलं. आणि मग लक्षात आलं, की हा दुसरा. हा हाताने फिरवून आणलेला. सहाशे माणसांना जागच्या जागी धरून ठेवणारा हा आवाज जर उरलेल्यावर जुळवलेला असेल, तर ओल्या फडक्याने तिने पुसला तो काय होता?

तो ऐकलेली माणसं जगात दोनच होती. एक त्या शेवटच्या रांगेत बसला होता. दुसरी ती.

डोंगर कोसळला, अंक संपला, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अक्का खुर्चीतच बसून राहिली. तिने डोळे मिटले होते आणि ती गुरुवारची संध्याकाळ आठवत होती, पहिल्या टाक्यापासून, सावकाश, एकही क्षण न सोडता. जेवढा आठवेल तेवढा तो आता तिलाच सांभाळायचा होता.