लांज्याची हिरवी गाडी

"थांबा मास्तर, ती काय म्हणते ते ऐकू दे." चाचा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसे. तेवढा वेळ आपण गप्प उभं राहायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीत शाळेत लागलो, तेव्हा मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. चाचा जहाजावरचे निवृत्त इंजिनियर. उभा जन्म बोटींच्या पोटात काढलेल्या या माणसानं एकच चैन केली होती: एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार. लाल, बुटकी, दोन सीटांची. तिचा दुसरा गिअर मात्र कायमचा गेला होता आणि सामान कुठंच मिळत नव्हतं. चढ आला की चाची खाली उतरून गाडीच्या बरोबरीनं चालायच्या. बहुतेकदा त्याच आधी वर पोचायच्या.

एक दिवस कळलं, लांज्याला अगदी तशीच हिरवी गाडी आहे. मालक डॉक्टर वारले होते, त्यांची बायको ती विकणार होती.

"घेऊन टाकतो," चाचा म्हणाले. "तिचा गिअरबॉक्स हिला बसवायचा. बाकीचं सामान जपून ठेवायचं."

"दुसरी म्हातारी घरात आणलीत तर तिची खिदमत तुम्ही करायची," चाची म्हणाल्या. "मला आहेत तेवढ्या पुरे."

रविवारी आम्ही दोघं एसटीनं लांज्याला गेलो. काजूच्या झाडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. बाई तिला रोज पुसत असाव्यात. धुळीचा कण नव्हता. चाचांनी सोबत आणलेली बॅटरी जोडली, पेट्रोलची नळी साफ केली, दोन तास खपले. आणि इंजिन सुरू झालं.

चाचा कान लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"चालवायलाच नेताय ना?" त्यांनी विचारलं.

'हो' म्हणा, मी मनात म्हटलं.

"नाही बाई," चाचा म्हणाले. "खोटं नाही बोलत. मोडायला आलो होतो."

बाई आत गेल्या. आता आपल्याला वाटेला लावणार, असं मला वाटलं. पण त्या कोकम सरबताचे पेले घेऊन बाहेर आल्या. "आणि आता?"

"आता हिला ऐकल्यावर हात धजत नाही. तुम्हीच का नाही चालवत?"

"मी? यांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही."

"मग शिका. मी येतो शिकवायला."

घरी आल्यावर चाचींनी विचारलं, "घेतली नाहीत? मग एवढे खूश कशाला?"

"महिन्यातून दोन रविवार लांज्याला जायचं ठरलंय."

चाचींनी कपाळाला हात लावला. पहिल्याच रविवारी मात्र चाचांच्या पिशवीत बाईंसाठी सांदणांचा डबा होता.

चाचा जाऊनही आता खूप वर्षं झाली. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याची आठवण आली की आधी हसूच येतं. मला ते लांज्याच्या बाजारात दिसतात. मी एसटीची वाट बघत उभा होतो. हिरवी गाडी हळूहळू आली. स्टिअरिंगवर बाई, पाठ ताठ, चष्मा नाकावर घसरलेला. शेजारी चाचा, हात मांडीवर, चेहरा अगदी तृप्त. मला पाहून बाईंनी आनंदानं हात हलवला.

"बाई, मास्तर कुठं पळत नाहीत," चाचा ओरडले. "पुढे बघा!"