हातभर मागं

वाघजाईच्या दारात मी भक्तीने गेलो नव्हतो, रागाने गेलो होतो. हे आधी कबूल केलं तरच पुढचं सांगण्यात अर्थ आहे. पेणला माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. टेंपोचे हौदे बांधण्यात आयुष्य गेलं. जे वाकत नाही ते घण घालून वाकवायचं, एवढं एकच शास्त्र मला येतं आणि स्वभावही त्यावरच बेतलेला. मुलीच्या अवघड बाळंतपणात बायकोने माहेरच्या वाघजाईला नवस केला, की लेक सुखरूप सुटली तर माझ्या ओंजळीनं तुझी ओटी भरीन आणि एक रात्र तुझ्या अंगणात मुक्काम करीन. लेक सुटली, नातू झाला. नवस फेडायला निघणार तोच बायकोला लकव्याने गाठलं. उजवी बाजू गेली. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच.

दोन वर्षं रोज सकाळी तिची बोटं उघडायचं काम माझ्याकडे होतं. मी जोर लावायचो, ती डोळे मिटून घ्यायची आणि बोटं आणखी घट्ट व्हायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाई काहीतरी वेगळं दाखवून गेल्या होत्या, पण लोखंडाशी जन्मभर झटलेल्या माणसाला कोण शिकवणार? एकदा चिडून मी तिला म्हणालो, "जिनं तुझी ही गत केली, तिची ओटी कशाला भरायची?" ती सावकाश, अडखळत म्हणाली, "तिनं केली का नाय, मला ठावं नाय. मी बोललेय, ते मला पुरं करायचंय."

देवीचं ठाणं रोह्याच्या पलीकडे, डोंगरावरच्या देवराईत. वर जायला लाकूडगाड्यांची जुनी वाट, मधे ओढा आणि मग चिकणमातीचा चढ. जीप दोनदा ओढ्यातूनच परत फिरली. माहेरची माणसं म्हणाली, डोली करू. बायको म्हणाली, "माणसांच्या खांद्यावर मी एकदाच जाणार. तवा मला काय बोलता येणार नाय." डोलीचा विषय तिथेच मिटला.

मग मी लष्कराच्या लिलावात निघालेला ट्रक आणला. चारी चाकं ओढणारा. आमच्या गल्लीतले गणपतीचे कारखानदार विचारायचे, "मामा, यंदा विसर्जनाला रणगाडा काढताय काय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि हौद्यावरची ताडपत्री उतरवून त्यावर पत्र्याची खोली बांधायला घेतली. आत पलंग, डाव्या हाताला धरायला दांडी, पाण्याची टाकी, बोल्टने आवळलेली शेगडी, पडद्यामागे कमोड, मागे चाकाची खुर्ची चढवायला उतरती फळी. बायको खुर्चीत बसून मुकादमगिरी करायची. खिडकी झाली तर म्हणाली, "वीतभर खाली घ्या. निजल्या निजल्या झाडं दिसली पायजेत." मी दातओठ खात खिडकी पुन्हा कापली. पण खरं सांगतो, दोन वर्षांत ती पहिल्यांदा काही मागत होती आणि मला ते बरं वाटत होतं.

कार्तिक संपताना आम्ही दोघंच निघालो. मदतीला कोणी नको, हा माझा हट्ट. वाटेत गडब गावी चहा घेतला, रोहा मागे टाकलं. ओढा ट्रकने असा ओलांडला की माझी छाती फुगली. पण आदल्या दिवशी अवकाळी सर पडून गेली होती. चढाच्या मध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. पुढची चाकं जोडायचा दांडा मी खेचला आणि तो अर्ध्यात अडकला, पुढेही जाईना, मागेही येईना. पेणच्या सपाट अंगणात तो मुकाट्याने चालायचा. इथे डावीकडे खोल घळ, मागे उतार आणि पलंगावर माझी बायको. चाकांमागे दगड लावून आलो, दोन्ही हातांनी दांडा ओढला, शिव्या दिल्या, आणि त्यातली एक देवीलाही दिली. शेवटी घण काढला.

"त्याला मारू नको, भाऊ."

केबिनच्या दारापाशी एक म्हातारा उभा होता. चौकड्यांची लुंगी, पांढरी दाढी, डोक्यावर गोल टोपी, हातात विळा. त्याने दांड्यावर नुसतं बोट ठेवलं. "मी आखातात अशाच गाड्या चालवल्या, वाळूत. आत दातात दात अडकलेत. तू जितका जोर देशील तितके घट्ट बसतील. गाडी हातभर मागं घे, म्हंजे सोडतील."

"चाचा, मागे उतार आहे. घरातली आत निजलीय."

"व्हय, दिसली मला खिडकीतून. हातभरच जायचाय. दगड मी सरकवतो, तू ब्रेक सोडून बघ."

आयुष्यात मी कधी काही मागे घेतलं नव्हतं, शब्दही नाही. आतून बायकोचा आवाज आला, "सोडा वो." मी ब्रेक सैल केला. ट्रक हातभर मागे सरकला आणि हातातला दांडा टक् करून आपला आपण जागी बसला. मी ओढलासुद्धा नव्हता. पुढच्या चाकांनी चिखलात पकड घेतली आणि ट्रक चढू लागला.

वर पोचल्यावर मी खाली बघितलं. चाचा वालाच्या शेताच्या कडेने गावाकडे परतत होते. मी धावत जाऊन त्यांना चहाला आणलं. आज शेतावर काय काम काढलंत, असं विचारलं तर ते हसले. "काम काय नाय. काल विळा शेतावर विसरलो, तो न्यायला आलो. इतक्या वर्षांत कधी विसरलो नाय बघ."

मी त्या विळ्याकडे बघत राहिलो.

मग खुर्ची देवीसमोर नेली. बायकोच्या मांडीवर खण, नारळ, तांदूळ. ओंजळीला दोन हात लागतात. सवयीने मी तिची उजवी मूठ धरली, अंगठा बोटांत घातला आणि थांबलो. जोर दिला नाही. तिचं मनगट हळूच आत, तिच्याकडेच वळवलं, हातभर नाही, बोटभर. आणि माझ्या डोळ्यांदेखत बोटं सैल झाली. एकेक करून नाही, सगळी एकदम. तिचे दोन्ही हात मी खालून माझ्या हातांवर तोलून धरले. ओंजळ झाली. तांदूळ देवीच्या पायावर पडले, थोडे माझ्या बोटांतून सांडले. ती रडत होती, मीही रडत होतो आणि चाचा टोपी सारखी करत दुसरीकडे बघत होते. ती रात्र ट्रक देवीच्या अंगणातच उभा राहिला आणि बायको निजल्या निजल्या खिडकीतून झाडं बघत राहिली.

व्यायामाच्या बाईंना मागाहून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हेच तर मी तुम्हाला पहिल्या दिवशी दाखवलं होतं." असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनीही सांगितलं होतं, चाचांनीही सांगितलं आणि देवीने ते मला ऐकू येईपर्यंत दोन वर्षं वाट पाहिली, एवढंच मला कळतं. दिलेल्या शिवीची माफी मी तिच्याकडे रोज मागतो.

ती मूठ पुन्हा वळते. सकाळी मी ती हातात घेतो, आधी तिला हवं तिकडे जाऊ देतो आणि वाट बघतो. बायको आता डोळे मिटत नाही.