कुर्लीतली डावी जागा

तमाम मालवणकरांस, तसेच मालवण सोडून दूर कुठेतरी शिळ्या मासळीवर दिवस काढणाऱ्या आपल्या सर्व बंधुभगिनींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या गावात एके काळी शर्यतीची एक विलायती मोटार होती. तिच्यात बसायच्या जागा फक्त दोन, आणि त्यांतली डावीकडची जागा लग्नाच्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षं मालकिणीविना होती. या गंभीर बाबीची सरकारदरबारी कुठेही नोंद नाही. सबब ती करण्याची जबाबदारी मी, भाऊंचा शेजारी, स्वखुशीने अंगावर घेत आहे. ज्यांच्या डोक्यावर टोपी असेल त्यांनी ती सरळ करावी.

भाऊ पडाववाल्यांच्या घरातले. शिडाच्या मोठ्या गलबताला आमच्याकडे पडाव म्हणतात. आजा, बाप, थोरला भाऊ, सगळे कौलं आणि मीठ भरून मुंबईला ये-जा करायचे. भाऊंचा जीव मात्र इंजिनात. पोरवयातच ते मुंबईच्या एका गॅरेजात शिरले. स्वातंत्र्य मिळालं, साहेबलोक सामान बांधू लागले, तेव्हा एक हौशी साहेब आपली मोटार त्या गॅरेजात टाकून गेला. पुढून ठेचलेली, आतून उंदरांनी कुरतडलेली. भाऊंनी दोन पावसाळे तिच्यावर खर्ची घातले. एका मोडीतल्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला, दुसरीची चाकं लावली. इंजिनाला दोन कार्बोरेटर दिले, बॉनेट पत्रा ठोकून स्वतःच्या हाताने घडवलं आणि धुराची नळी बाजूने बाहेर काढली. मग एके दिवशी ती बुटकी, लांब नाकाची, तांबडीभडक वस्तू घाट उतरून मालवणात आली. आवाज असा की बंदरावरच्या बायकांनी आभाळाकडे बघून वाळत घातलेली सुकी मासळी गोळा केली.

गावातल्या शहाण्यांनी लगेच विचारलं, "भाऊ, हय बैलगाडी धड चलणा नाय. ह्या विमान हाडून काय करतलंस?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "रस्तो नाय, हो रस्त्याचो दोष. तिका कित्याक बोल लावतास?"

सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी ते तिच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहत. इंजिन बंद, थंडगार, तरी हात ठेवायचाच. मी एकदा चेष्टा केली, तर म्हणाले, "हात लावल्याशिवाय कोणाचाच काय कळणा नाय रे. माणसाचा पण नाय." संध्याकाळी खारा वारा सुटला की विहिरीच्या गोड्या पाण्याने तिला अंघोळ, आणि मग फडक्याने अंगभर खोबरेल तेल. आमच्या आळीत कोणाच्या बाळंतिणीला एवढं तेल मिळालं नसेल. एरवी भाऊ गावोगावची गिरण्यांची आणि लाँचची इंजिनं दुरुस्त करायला जात ते याच गाडीतून. रविवारी मात्र हातात कसलंच काम न घेता ते सड्यावर जात. सडा म्हणजे गावाबाहेरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. सरळ रस्ता काय तो तेवढाच. तिथे एकदा तिला मोकळी सोडायची आणि परत यायचं. परत आल्यावर त्यांचा चेहरा देवळातून आल्यासारखा दिसे.

आता लग्न. मुलगी मसुऱ्याची. भाऊंनी जाहीर केलं की नवरी माझ्या मोटारीतून येईल. मधे खाडी, पूल नाही. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर मोटार चढवायची; अशा जोडहोडीला आमच्याकडे 'तर' म्हणतात. जाताना सगळं झकास पार पडलं. येताना तरवाला म्हणाला, "भाऊ, सुकती लागली. पाणी उतरता. वायच थांबा, भरतीक जावया."

भाऊ डोक्याला बाशिंग लावून स्टिअरिंगपाशी बसलेले. म्हणाले, "माझी गाडी मिनटात वर चढता. तू सोड."

तरवाल्याने सोडली. सोडताना एवढंच म्हणाला, "गाडीक वेग आसा रे बाबा, पण पाण्याक ता कोण सांगतलो?"

भर खाडीत दोन्ही होड्या चिखलात रुतल्या. तीन पिढ्यांच्या पडाववाल्यांचा मुलगा, आणि स्वतःच्या लग्नात भरती-ओहोटी विसरला! पाणी बघता बघता आटलं. मोटार, नवरा, नवरी आणि तरवाला चिखलाच्या मधोमध, भरती येईपर्यंत मुक्कामाला. दोन्ही काठांवर दशावताराला जमावी तशी गर्दी. मी तेव्हा नुकता मॅट्रिक झालेला आणि कामधंदा नसलेला, म्हणजे अशा प्रसंगाला आदर्श प्रेक्षक. कोणीतरी भाजलेले शेंगदाणे आणले. अलीकडून सल्ले, पलीकडून उलट सल्ले. मोटार एवढी बुटकी की काठावरून नवरीचं फक्त डोकं आणि मुंडावळ्या दिसत होत्या. आजूबाजूच्या चिखलातून खेकडे वर येऊन बघायला लागले, आणि खेकड्याच्या डोळ्यांसारखे उभ्या दांड्यांवरचे मोटारीचे दोन दिवे बघून कोणीतरी ओरडलं, "ही बगा मोठी कुर्ली! चिखलात बसली मरे!" कुर्ली म्हणजे आमची मोठी खेकडी. त्या दिवसापासून मोटारीचं नाव तेच.

घरात भाऊंची आई उंबरठ्यावर तांदळाचं माप मांडून बसलेली. मुहूर्त टळला. दिवेलागणीला पाणी चढलं, तर काठाला आली. नवरी उतरली आणि सगळ्यांच्या पुढे चालत घराकडे निघाली. मागून भाऊ बाशिंगासकट मोटार ढकलत. माप ओलांडायच्या आधी ती वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी तेच्यात परत बसूचंय नाय."

हीच आमची काकी. ती त्या दिवसाबद्दल नंतर कधी अवाक्षर बोलली नाही. भाऊही बोलले नाहीत. मला वाटतं, सगळा घोटाळा इथेच झाला. भाऊंना माफी मागता येत नव्हती. त्यांना फक्त दुरुस्ती करता येत होती.

भाऊ अधूनमधून विचारत, "येतंस काय गे, कणकवलेक जावन येवया?" आणि काकी खाडी सोडून दुसरं काहीतरी कारण सांगे. ते कारण भाऊ काम मिळाल्यासारखं उचलून घेत. एकदा ती म्हणाली, "जमनीर बसल्यासारख्या वाटता तेच्यात." भाऊंनी ट्रकच्या स्प्रिंगा घालून गाडी वीतभर उचलली आणि डाव्या जागेवर काथ्याची जाड गादी केली. मग काकी म्हणाली, "आता एवढ्या उंच चढाचा कसा?" तेव्हा भाऊंनी लोखंडी पायरी जोडली.

"दरवाजो नाय. पदर उडता, लोक बगतत." त्या गाडीला मुळात दरवाजेच नव्हते, शर्यतवाले उडी मारून आत बसतात म्हणे. भाऊंनी होड्या बांधणारा मेस्त गाठला. त्याने डाव्या बाजूला फणसाच्या लाकडाचा दरवाजा केला, होडीच्या फळ्या जोडतात तसा, फटी बुजवून, वर पितळी कडी. मेस्त म्हणाला, "भाऊ, ह्यो दरवाजो बुडाचो नाय." ऊन लागतं म्हटल्यावर टप झाला, तो घरातल्या शेवटच्या पडावाच्या शिडाचा. पडाव विकून टाकला होता, शीड तेवढं माळ्यावर होतं. भाऊंनी ते खाली काढून कापलं तेव्हा त्यांचा थोरला भाऊ दिवसभर त्यांच्याशी बोलला नाही.

सगळ्यात अवघड गेला तो आवाज. काकी म्हणाली, "कान फुटतत." भाऊंनी ती बाजूची नळी काढली आणि खालून एक भला मोठा सायलेन्सर बसवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. गंमत पुढेच आहे. पूर्वी वळणावर कुर्लीचा आवाज आला की काकी आमटी गरम करायला ठेवायची. आवाज गेल्यावर तिला कळेना भाऊ कधी येतात ते. दर थोड्या वेळाने ती बेड्यापाशी, म्हणजे आमच्या फाटकापाशी, येऊन उभी राहायची आणि मला दटावायची, "मी माडार झावळां बघूक इलंय हां मास्तर, तुमी काय तरी समजू नकात."

तोपर्यंत मी मास्तर झालो होतो. एकदा धीर करून मी तिला विचारलं, "काकी, एकदा बसलात तर काय बिघडेल?"

ती म्हणाली, "तुमच्या शाळेत पोरां कमी पडली म्हणान माका प्रश्न विचारूक इलात?"

डाव्या जागेवर तोवर पुष्कळजण बसून गेले. फणस बसले, गिरणीचे पट्टे बसले, बांगड्यांची टोपली बसली, मी तर शेकडो वेळा बसलो. पण बसलो की भाऊ न चुकता म्हणायचे, "मास्तर, पाय सांबाळून. जागा तुमची न्हय." शेवटी "तुमी वाऱ्यासारखे पळवतास" हे कारण आलं, आणि भाऊंनी रविवारचं सड्यावर जाणंही सोडलं. कुर्ली बैलगाडीच्या चालीने चालू लागली. दिसायला ती आता मोटार, पालखी आणि होडी यांच्या मधलं काहीतरी झाली होती. पण सकाळचा तळहात चुकला नाही.

मग कोल्हापूरचे एक शौकीन गृहस्थ आले. कोण्या ट्रकवाल्याने त्यांना खबर दिली होती. मी तेव्हा भाऊंच्या खळ्यात, म्हणजे अंगणातच, बसलो होतो. गृहस्थांनी बॉनेट उघडलं आणि आतलं इंजिन बघून चक्क हात जोडले. मग बॉनेट लावून ते दोन पावलं मागे सरले आणि पोट धरून हसले.

"अहो, हे काय केलंय काय! रेसच्या घोड्याला लुगडं नेसवलंय राव! हा दरवाजा काय, ही पायरी काय, ही शिडाची खोळ! कुठल्या गाढवानं बसवलं हे?"

"मीच," भाऊ म्हणाले.

गृहस्थ जरा वरमले. पण माणूस मनाचा चांगला. म्हणाले, "मला द्या. हे सगळं उचकटून फेकतो. जन्माला आली तशी करतो बघा. आमच्याकडं रस्ते आहेत, पळेल तरी."

भाऊंनी बॉनेटवर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खरा आसा मास्तर. हय ती गंजतली. मी तिची काय दशा केलंय बघा. थंय तरी धावात." आणि गृहस्थांना म्हणाले, "न्हेवा."

काकी पडवीत नारळ खवत होती. खवण्याचा आवाज थांबला. ती बाहेर आली, हाताला खोबरं तसंच. गृहस्थांना विचारलं, "हो दरवाजो काढतलास?"

"पहिला तोच काढणार वहिनी. काय उपयोगाचा आहे तो?"

"आणि पायरी?"

"ती पण."

काकीने हात पदराला पुसले. पितळी कडी उघडली, पायरीवर पाय ठेवला आणि काथ्याच्या गादीवर जाऊन बसली. दरवाजा ओढून घेतला. तो लागला, अगदी अलगद. भाऊ जागच्या जागी उभे. त्यांना बसायचं सुचेना. मीच त्यांना खांद्याला धरून स्टिअरिंगपाशी नेलं. आणि असला प्रसंग सोडायचा माझा स्वभाव नसल्यामुळे मागच्या सामानाच्या पेटीत पाय वर करून स्वतः बसलो. कोल्हापूरचे गृहस्थ हातात शहाळं घेऊन खळ्यात तसेच उभे राहिले.

शेवट आधीच सांगून टाकतो, कारण नंतर मला बोलायला जागा उरणार नाही. कुर्ली कोल्हापूरला गेली नाही. गृहस्थ जेवून, सोलकढीचं कौतुक करून परत गेले. पुढची सगळी वर्षं डाव्या जागेवर काकी होती, आणि फणस मागच्या पेटीत. भाऊ गेले त्याला आता दोन वर्षं झाली. कुर्ली मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, उभी आहे. चालवणारं कोणी नाही. संध्याकाळी काकी तिला गोड्या पाण्याने पुसते, तेल लावते. तेल फार लागतं म्हणून कुरकुरते आणि लावते. मला कोणी भाऊंबद्दल विचारलं, तर मी त्यांच्या कार्बोरेटरची कीर्ती सांगत नाही. मी तो दिवस सांगतो.

भाऊ सड्यावर आले. गणपती विसर्जनाला नेतात तशी त्यांनी गाडी चालवली होती. खड्डा दिसला की थांबायचं, डावीकडे बघायचं, मग पुढे. काकी ताठ बसलेली, नजर समोर. बाजूने म्हशींचा कळप घराकडे निघाला होता. भाऊ दोनदा खाकरले. मला वाटलं गाडीत काहीतरी बिघडलं. तेवढ्यात समोर बघतच, कसाबसा त्यांच्या तोंडून आवाज आला, "त्या दिसा... खाडीत... माझा चुकला गे. तरवालो सांगत होतो..."

काकी गर्रकन वळली आणि सबंध सड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"तां ऱ्हवांदे ओ आता! पायाखालचां काय असता तां दाबा आदी, पाठची म्हस फुडे गेली!"