रूथआजींना द्यायची कॉपी

आधीच सांगते, मी पत्रकारिता शिकते. दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय शेजारच्या घरातलं लग्नसुद्धा खरं मानायचं नाही, असं आमच्या डोक्यात कोंबलेलं असतं. त्यामुळे या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचायचे... आणि आज स्वतःच लिहायला बसले आहे. हसा खुशाल.

मी मूळची पाथर्डीकडची. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि केडगावला प्रियांका नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. गेल्या हिवाळ्यात आम्हाला रेडिओसाठी एक माहितीपट करायचा होता. मी विषय घेतला – खेड्यातल्या चर्चमध्ये पेटी वाजवणारी माणसं. सोनईजवळच्या एका गावात असे एक गुरुजी होते. आठवडाभर शाळा आणि रविवारी चर्चमध्ये पेटी. ते आता हयात नाहीत, पण त्यांच्या पत्नी रूथआजी तिथेच राहतात असं कळलं. मी फोन केला आणि दुपारच्या एसटीने गेले.

आजी दारातच उभ्या होत्या.

"सलाम. ये बाळा. पर आदी एक सांग, तू तरी कॉपी देशील का?"

मला काही कळेना. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. गुरुजी होते तेव्हा कोणी रेडिओवाले आले, कोणी यूट्यूबवाले आले. सगळ्यांनी पेटी रेकॉर्ड केली, चहा घेतला, "पाठवतो" म्हणाले आणि गेले ते गेलेच.

"यांचं वाजवलेलं एक बी माज्यापाशी न्हाई," आजी म्हणाल्या. "लोकांच्या मोबाईलमदी असंल. माज्या घरात न्हाई."

मला आमच्या सगळ्या जमातीची लाज वाटली. गुरुजींची पेटी काही मी आणू शकत नव्हते, पण निदान ही मुलाखत तुम्हाला इथे येऊन ऐकवीन, असा शब्द दिला.

एकाच खोलीचं घर. कोपऱ्यात लाकडी खोक्यात पेटी. तिचा भाता उंदरांनी कुरतडलेला, त्यामुळे ती मुकी. वर एक काळी पट्टी तर गुरुजी असतानाच वाजायची बंद झाली होती.

"मी लई म्हनायचे, नगरला न्या, दुरुस्त करून आना," आजी म्हणाल्या. "तर म्हनायचे, कशाला? उडी मारतो की मी तिच्यावरनं. जल्मभर उड्याच मारल्या."

खोकं बरोबर उंचीचं होतं, म्हणून मी रेकॉर्डर त्यावरच ठेवला. लाल बटण दाबलं आणि आम्ही बोलत बसलो. आजी इतक्या छान बोलल्या की मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क घेऊन टाकले. संपल्यावर पुन्हा बटण दाबलं, रेकॉर्डर तिथेच राहू दिला आणि आजींबरोबर चर्च बघायला गेले. कोंबड्या आत शिरतात म्हणून आजींनी बाहेरून कडी घातली. परत येऊन चहा झाला, रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला आणि मी निघाले.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्या डिपार्टमेंटच्या रेकॉर्डरचं लाल बटण एकदा दाबलं की लाइट नुसता लुकलुकतो – तयार आहे, एवढंच. दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. पहिल्या वर्षाची पोरं हमखास इथे फसतात आणि आम्ही त्यांना हसतो. मी शेवटच्या वर्षाची. मुलाखतभर लाइट लुकलुकत होता आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं असं समजले, तेव्हा ते सुरू झालं होतं.

केडगावला खोलीवर येऊन हेडफोन लावले, तर मुलाखतीचा एक शब्द नाही. मला रडूच आलं. मार्कांचं सोडा, आजींच्या लेखी मी पण त्या "पाठवतो" म्हणणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसले होते.

"आहे ते तरी ऐक की," प्रियांका म्हणाली.

म्हणून ऐकलं. आमच्या चपलांचा आवाज, कडी, लांबून जाणारा उसाचा ट्रॅक्टर, कोंबड्या. मग कोणीतरी हलकेच खाकरलं... आणि पेटी वाजायला लागली. अगदी जवळून, सावकाश, एक चर्चमधलं गीत. ते संपलं. थोड्या वेळाने कडी वाजली आणि आजींचा आवाज आला, "बस, च्या टाकते."

मी हेडफोन प्रियांकाला दिले. तिने ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दोनच दिवसांत स्पीकर घेऊन पुन्हा गेले. आधी शेजाऱ्यांना विचारलं – शिकवलेलं वाया घालवायचं नाही. त्या गावात दुसरी पेटी नाही. टीव्ही कोणाचा लागला असेल म्हणावं, तर त्या दुपारी वीज नव्हती. चर्चमध्ये तर आम्हीच होतो.

आजींना मुलाखत गेल्याचं सांगितलं, माफी मागितली आणि स्पीकर सुरू केला. त्या खोक्यावर हात ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं, घाबरतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैलावत गेला.

"हेच हायेत," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या ओळीला थांबले बग. म्हातारी मानसं गाताना मागं ऱ्हायची, त्यांच्यासाटी थांबायचे."

पुढे एका जागी त्यांनी मला हाताने थांबवलं. मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. डोळे मात्र भरलेले.

"उडी न्हाई मारली. ती पट्टी वाजली."

मी खोकं उघडलं. भाता तसाच फाटका. ती काळी पट्टी दाबून पाहिली, हवा भरायचा प्रयत्न केला. पेटीतून नुसता धुरळा आला.

"ऱ्हाऊ दे," आजी म्हणाल्या. "त्यांनी केली असंल तिकडं दुरुस्त. उशिरा का हुईना, ऐकलं माजं."

मुलाखत आम्ही त्याच दिवशी पुन्हा केली. या वेळी आजींनी स्वतः लाल लाइट तपासला. मार्क बरे पडले. पेटीचा तो भाग मी माहितीपटात घातला नाही, मॅडमना तरी काय सांगणार होते? आता दर रविवारी चर्चमध्ये तो मी आजींकडे ठेवून आलेल्या स्पीकरवर लागतो. मंडळी त्यावर गातात आणि तिसऱ्या ओळीला सगळे आपोआप थांबतात.

त्या बंद खोलीत काय झालं, मला आजही सांगता येत नाही. कोणाला सुचलं तर जरूर लिहा. मला खात्रीने एवढंच माहीत आहे की आजींच्या घरात आता एक कॉपी आहे.