रोझलिन थांबली

काल दुपारी रोझलिनला चांगी एअरपोर्टवर सोडून आले. तिच्याबद्दल आजवर इथे काही लिहिलं नव्हतं, कारण केस चालू होती. आता ती संपली... आणि "लिही" असं तिनेच सांगितलं.

रोझलिन इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरची. इथल्या बुकित तिमाह भागात एका घरात राहून घरकाम करणारी हेल्पर होती. कामाला लागल्यापासून एकही रविवार सुट्टी नाही, बाहेर पाऊल टाकायचं ते फक्त कचरा टाकायला... आणि हातावर इस्त्रीचे चटके.

एका रविवारी तिने कचऱ्याची पिशवी टाकली आणि ती परत घरात गेलीच नाही. रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये मिस्सा चालू होती, तिथे मागच्या बाकावर जाऊन बसली. मिस्सा संपली, लोक गेले, तरी ही उठेना. फादरांनी विचारलं तेव्हा तिने नुसती बाही वर केली.

त्याच चर्चच्या, म्हणजे आमच्या पॅरिशचा एक छोटा ग्रूप अशा परदेशी कामगारांसाठी काम करतो. शेल्टर चालवायचं, पोलिसांकडे सोबत जायचं, हेल्परना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून भेटेल त्याच्याशी बोलत राहायचं. मी मूळची वसईची, तांजोंग पगारला बँकेत नोकरी. शनिवारी शेल्टरवर स्वयंपाकाला जाते. तिथेच आमची ओळख झाली. तिची हाक मला चक्क ‘काका’ अशी ऐकू यायची... त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात! आपल्याकडे काका म्हणजे कोण ते सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मालकिणीवर पोलीस केस झाली. रोझलिन मुख्य साक्षीदार, त्यामुळे निकाल लागेपर्यंत तिला देश सोडता येणार नव्हता. त्यातच गावाहून भावाचा फोन आला... आई फार आजारी आहे, सारखं तुझं नाव घेते.

फादर आणि मी परवानगीसाठी सरकारी ऑफिसात खेटे घालू लागलो. आठवडाभर सोडा, आईला भेटून येईल. अधिकारी भला माणूस होता, पण त्याचा प्रश्न एकच, "गेली आणि आलीच नाही तर?"

"मी जामीन राहते," मी म्हणून गेले.

त्या संध्याकाळी वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी माझ्या नवऱ्याला, मेल्विनला हे सांगितलं. "आपण इथे पीआर आहोत, नागरिक नाही. नीट विचार केलायस ना?" एवढंच म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून माझ्याआधी तोच त्या ऑफिसात हजर!

पण वरची परवानगी यायची होती... आणि रोझलिनची आई गेली.

गावच्या धर्मगुरूंनी दफनाच्या वेळी आपला मोबाइल चालू ठेवला. इकडे शेल्टरच्या स्वयंपाकघरात टेबलावर रोझलिनचा फोन, स्पीकरवर. भोवती आम्ही सगळ्या उभ्या. आधी नुसता वारा ऐकू येत होता, मग माणसं.

भाषा कळत नव्हती, पण मध्येच ‘मारिया’ ऐकू आलं आणि कळलं, रोझरीची प्रार्थना चाललीय. फिलिपिनो मुली त्यांच्या भाषेत म्हणू लागल्या, श्रीलंकेची एक तमिळमध्ये. माझ्या तोंडून ‘नमो मरिये’ आपसूक आलं... रोझलिन मात्र फोनवर वाकून फक्त ऐकत होती. माती पडल्याचा आवाज आला तेव्हा तिने टेबलाची कड घट्ट धरली.

परवानगी आली ती त्यानंतर. फादर सांगायला आले ते मान खाली घालूनच. "आता तरी जाऊन ये बाळ... कबरीवर."

रोझलिन तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "नको फादर. गेले तर भाऊ परत पाठवणार नाही. मलाही यावंसं वाटणार नाही. आणि मालकिणीच्या घरात आता दुसरी मुलगी आहे."

ते खरं होतं. केस चालू म्हणून कुणा नातेवाइकाच्या नावावर त्यांनी नवी हेल्पर आणली होती. आम्ही तक्रार केली, पण ती मुलगी भीतीने "सगळं ठीक आहे" म्हणायची.

"तू जा गं, तुला कोणी नावं ठेवणार नाही," मी म्हटलं.

"काका, मी बोलले नाही तर तीही बोलणार नाही."

आणि ती थांबली.

कोर्टात मी मागे बसले होते. समोरच्या वकिलांनी विचारलं, हे सगळं चर्चच्या लोकांनी शिकवलं ना? दुभाष्याने सांगितलं तसं ती शांतपणे म्हणाली, "चर्चने मला बसायला जागा दिली."

मालकिणीला शिक्षा झाली. त्या नव्या मुलीनेही शेवटी तोंड उघडलं; ती आता आमच्या शेल्टरवर आहे, अजून दार वाजलं की दचकते. आपण जिंकलो, असं ग्रूपमधले सगळे म्हणतात. मला मात्र नीट आनंद होत नाही... परवानगीच्या बाबतीत कुणीच नियम मोडला नव्हता, आणि तरी एका लेकीला आईचं तोंड बघता आलं नाही.

काल एअरपोर्टवर मी तिला विचारलं, उतरल्यावर न्यायला कोण येणार? "भाऊ," ती म्हणाली. "पण आधी आईकडे जाणार, मग घरी." ती आत गेली, वळून एकदा हात केला... आणि मग दिसली नाही.

घरी येऊन वसईला आईला फोन लावला. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

"हो गं. आज मध्येच फोन कसा?"

"काही नाही... आवाज ऐकायचा होता."