टाकीवरची फट

बांगडे तळायला घेण्याआधी आत्या काचेच्या टाकीतल्या माशांवर पडदा ओढत. जुन्या लुगड्याचा, जांभळा, वरच्या काठात दोरी ओवलेला. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "हसतंस काय मेल्या? तुझ्या भावाक कोण तळूक लागलो, तर बघशीत?" पडदा ओढला की टाकीचा आमच्या बाजूचा उजेडही जांभळा व्हायचा आणि आम्हाला कळायचं, आज आत्यांकडे मासे. मग थोड्या वेळाने टाकीच्या वरच्या फटीतून वाटी यायची.

ही टाकी भिंतीत होती. डिलाईल रोडच्या चाळीत आमची खोली आणि आत्यांची खोली यांच्यामध्ये एक दार होतं, कुठल्या तरी जुन्या बिऱ्हाडाच्या काळातलं, पुढे फळ्या ठोकून बंद केलेलं. आत्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. अख्ख्या मजल्याच्या आत्या. परळच्या एका हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात त्यांनी आयाची नोकरी केली. तिथे एक फिश टँक होता. सुईला घाबरून रडणारं पोर त्याच्यासमोर धरलं की गप्प होतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. रिटायर झाल्यावर एकट्या घरात त्यांना त्या टँकची आठवण यायला लागली. एक दिवस आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "मधल्या दारात बसवया. माका एकटेक कित्याक येवढे मासे? अर्धे तुमचे."

सुताराने दाराच्या चौकटीत टाकी अशी घट्ट बसवली की मुंगी शिरली नसती. खाली कपाट, वर दिव्याची पेटी. थोड्याच दिवसांत काचेला आतून घाम सुटला, प्लाय फुगला, दिव्याच्या उबेने पाणी कोमट झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. माशांच्या दुकानदाराने सांगितलं, वर हवा खेळली पाहिजे, इकडून आत, तिकडून बाहेर. आत्यांनी सुताराला परत बोलावून झापलं, "भाताच्या टोपावर पण मी झाकण तिरकां ठेवतंय. हे तर जिते जीव असत!" मग पाण्याच्या वर दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची फट पडली आणि तिला जाळीची दारं लागली. आमच्या बाजूची जाळी आम्ही कधी लावलीच नाही.

कारण त्या फटीतून हवेबरोबर बाकीचंही ये-जा करायचं. मीठ, पेपर, डोकेदुखीची गोळी. माझी बायको स्मिता गॅलरीत गप्पा मारत उभी राहिली की फटीतून हाक यायची, "स्मिता, तुझ्या कुकरान चौथी शिटी दिली गो! भाताची पेज करतंस काय?" आमचं भांडण झालं तर आत्या मुद्दाम भांडी आपटायच्या. आपल्याला ऐकू येतंय, हे कळवायची ती त्यांची रीत.

आता जे इतकी वर्षं सांगितलं नाही ते. माझी नोकरी गेली आणि मी ते कुणालाच कळू दिलं नाही. स्मितालाही नाही. घरून काम करणं तेव्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. स्मिता ऑफिसला गेली की मी लॅपटॉप उघडायचा आणि टाकीकडे बघत बसायचं. मजल्यावर कुणाला संशय आला नाही. फक्त एका दुपारी फटीतून प्रश्न आला, "तुझ्या हापिसात कोण बोलना नाय काय रे?"

"म्यूटवर असतो, आत्या," मी म्हणालो.

"असां."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी फटीत वाटी दिसू लागली. पडदा असो वा नसो. कधी सोलकढी, कधी काळ्या वाटाण्याची उसळ, बरोबर भाकरीचा तुकडा. मी खायचो, वाटी धुऊन परत ठेवायचो. त्या काही विचारत नसत, मी काही सांगत नसे. कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला लाज वाटायची, आणि साठत गेलेल्या लाजेचा राग झाला. एका दुपारी मी म्हणालो, "आत्या, मीटिंगमध्ये तुमच्या फोडणीचा आवाज जातो. ही फट मी बंद करतोय."

पलीकडे गॅस बंद झाला. मग, "जाता काय आवाज? मग बंद कर बाबा. काम आधी."

मीटिंग नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे, हे मला ठाऊक होतं. मी प्लायचा तुकडा कापून फटीवर स्क्रूने बसवला आणि कडेने सिलिकॉन भरलं. स्मिताला म्हणालो, आत्यांनाच आपल्या टीव्हीचा त्रास होत होता.

मे महिना होता. काचेला पुन्हा घाम सुटला. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले आणि मी खुर्चीत बसून ते बघत राहिलो. स्क्रू ड्रायव्हर टेबलाच्या खणात होता. आत्या एकेक मेलेला मासा काढून नेत होत्या, काचेतून त्यांचा हात दिसायचा. शेवटचा गेला त्या दिवशी गॅलरीत समोरासमोर आलो. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "म्हातारे झाल्ले रे ते."

त्यांनी पुन्हा मासे आणले नाहीत. टाकीत पाणी आणि दिवा तेवढा ठेवला. पडदाही ओढायचं कारण उरलं नाही, त्यामुळे आत्यांकडे बांगडे कधी तळतात ते आम्हाला कळेनासं झालं.

पुढे मला नोकरी लागली. चाळ पाडायची ठरली. आत्या अँटॉप हिलला भाच्याच्या क्वार्टरमध्ये गेल्या. जाताना तो जांभळा पडदा घडी घालून माझ्या हातात दिला. "नव्या घरात टँक लावशीत तर फट ठेव. हवेक जाऊक-येऊक वाट व्हयी." मी म्हणालो, येतो भेटायला. डिलाईल रोडहून अँटॉप हिल म्हणजे काही परगाव नव्हे. मी गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी जेवायला वाढलं असतं, आणि तेच मला झेपलं नसतं. त्या गेल्याचं चाळीच्या ग्रुपवर वाचलं. तेव्हा मी स्मिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला नाही, त्यांना सांगायचं होतंस."

आता चाळीच्या जागी टॉवर आहे, त्यातच आमचं घर. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीत मी टाकी बसवून घेतली. बसवणारा सांगत होता, "अंकल, एक साइडला जाळी चालेल ना? लुक चांगला येईल." मी म्हणालो, दोन्ही बाजूंना हवी. वीतभर उंच.

रविवारी बांगडे आणतो. तळण्याआधी जांभळा पडदा ओढतो. स्मिता हसत नाही. मग आमच्या बाजूची जाळी उघडतो आणि फटीला तोंड लावून म्हणतो, "मीटिंग नव्हती, आत्या."

पलीकडे आमचीच बेडरूम आहे. हवा मात्र येते.